बॅटरी उतरली

ट्रकच्या केबिनमध्ये फ्रीज चालवणं अवघड नाही. फ्रीज बारा व्होल्टचा असावा, बॅटरी धड असावी आणि ड्रायव्हरनं माणसासारखं वागावं, एवढंच लागतं. यातल्या पहिल्या दोन गोष्टी माझ्या हातात होत्या.

मी तेव्हा परभणीला आरोग्य खात्याच्या वर्कशॉपमध्ये फ्रीज-मिस्त्री होतो. लसीचे मोठे फ्रीज, बर्फाच्या पेट्या, गाड्यांची वायरिंग, सगळं माझ्याकडे. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या एप्रिलात लाकडी खोक्यातून एक परदेशी फ्रीज आला. ट्रंकेएवढा, वर झाकण, झाकणाला कडी, पुढं तापमानाचा काटा. तोवर लस बर्फाच्या पेटीतून जायची, आणि आमच्याकडचं ऊन असं की पाथरी येईपर्यंत पेटीत नुसतं पाणी उरायचं. गोवराची लस तापली की वाया गेली, मग ती टोचा नाहीतर नाल्यात ओता. त्या उन्हाळ्यात पाथरी तालुक्यात गोवराची साथ होती आणि लेकरं दगावत होती.

हा फ्रीज खरं तर जीपमध्ये बसवायचा. पण जीप आमच्या भगवानराव साहेबांच्या घरचा बाजार आणण्यात गुंतलेली, म्हणून लसीच्या वाट्याला फवारणीचा जुना ट्रक आला. मी मधल्या सीटवर फ्रीज ठेवून पट्ट्यांनी आवळला. बॅटरी नवी कोरी घातली. लाल वायर बॅटरीवरून फ्यूजमधून फ्रीजला नेली, आणि काळी वायर सीटखालच्या लोखंडाला कसली. गाडीत परतीची वेगळी वायर नसते, ट्रकचा सांगाडाच ते काम करतो. आम्ही मिस्त्री लोक त्याला बॉडी म्हणतो, आणि त्या जोडणीला अर्थ.

ट्रकचा ड्रायव्हर भुजंग तंबाखू मळत बघत होता. झरीचा शेतीवाडीवाला माणूस, पन्नाशीचा, वीस वर्षं हाच ट्रक चालवत होता. बोलायला गोड. सात वर्षं एका आवारात काम करून माझ्या डब्यातला घास मात्र त्यानं कधी घेतला नव्हता. का, ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

"अर्थ कुठं दिला, मिस्त्री?" त्यानं विचारलं.

"बॉडीला. मधल्या सीटखाली."

त्याचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. "कोनाच्या बॉडीला?"

"ट्रकच्या. दुसऱ्या कुणाच्या असणार?"

त्यानं हातातली तंबाखू तशीच खाली टाकली आणि निघून गेला. मी पाना उचलून उरलेलं काम केलं.

तीन मंगळवार फ्रीज गेला आणि तिन्ही वेळा तक्रार घेऊन आला. तिसऱ्या वेळी नर्स सत्यशीलाबाई स्वतः वर्कशॉपमध्ये आल्या. पोखर्णीकडच्या, तिशीतल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी लसीच्या बाटल्या माझ्या टेबलावर ओतल्या.

"नागनाथभाऊ, हे तुमचं वायरिंग," त्या म्हणाल्या. "काटा छत्तीसवर. भीमनगरची दुसरी पोरगी परवा गेली. तिच्या आईला मी तीनदा सांगितलं होतं, आज लस येतेय म्हणून."

भीमनगर म्हणजे धोंडपिंपळगावची बौद्ध वस्ती. आधी गाव लागतं, मग किलोमीटरभर पुढं कोरडा नाला, नाल्यापलीकडं वस्ती. मी खोदून खोदून विचारलं. गावातल्या शाळेत लस टोचून होईपर्यंत काटा चारवर असायचा. मग ट्रक नाल्याशी यायचा, भुजंग म्हणायचा बॅटरी उतरली, गाडी स्टार्ट होत नाही, फ्रीज बंद पडलाय. बाई लोकांना बोलवायला चालत वस्तीत जायच्या आणि बायालेकरांना घेऊन येईपर्यंत लस तापलेली असायची. मग कुणीतरी धक्का मारायचं आणि ट्रक सुरू व्हायचा.

बॅटरी मी तिथल्या तिथं तपासली. काठोकाठ चार्ज. मी चार माणसांत हसलो, कारण हसलो नसतो तर हातातला पाना कुणाच्या तरी डोक्यात गेला असता. गावात चालणारी आणि नाल्यावर उतरणारी, जात बघून उतरणारी बॅटरी मी पहिल्यांदाच बघत होतो. वरून भगवानराव साहेबांचा मेमो आला तो मलाच, निकृष्ट कामाबद्दल. भुजंगला कुणी काही विचारलं नाही.

चौथ्या मंगळवारी मी न विचारता ट्रकमध्ये चढून बसलो.

पुढं उजवीकडं भुजंग, मध्ये फ्रीज, डावीकडं खिडकीशी सत्यशीलाबाई. मी सीटमागच्या झोपायच्या फळीवर, म्हणजे भुजंगचे दोन्ही हात माझ्या नजरेसमोर. मे महिना होता. मानवतच्या पुढं डांबर चाकांना चिकटत होतं. फ्रीज ठरल्याप्रमाणं चालत होता, पाच मिनिटं घुमायचा, दहा मिनिटं गप्प. काटा चारवर. मला माझ्या कामाचा अभिमान वाटला, आणि त्या अभिमानासोबत संताप पण वाढत गेला.

पाथरी सोडल्यावर भुजंग म्हणाला, "मिस्त्री, तुमी कशाला तरास घेतला?"

"बॅटरी कशी उतरते ते बघायला."

धोंडपिंपळगावच्या शाळेत बाई दोन तास टोचत होत्या. मी त्यांच्या हाताशी सामान देत होतो, भुजंग ट्रकपाशी थांबला होता. साडेअकराला आम्ही नाल्याकडं निघालो.

गाव मागं पडलं तसा फ्रीज घुमायला लागला. खड्ड्यांतून ट्रक माणसाच्या चालीनं चालला होता. पाच मिनिटं झाली, आठ झाली, फ्रीज थांबला नाही. उन्हामुळं असेल, मी मनात म्हटलं. मग आतून आवाज यायला लागला. तप. तप तप. रस्ता खडबडीत, बाटल्या एकमेकींवर आदळत असणार. मी भुजंगकडं पाहिलं. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि तो फ्रीजपासून इतका दूर सरकला होता की दाराला चिकटून बसला होता.

नाला आला. भुजंगनं चावी फिरवली आणि इंजिन बंद केलं. मी डोळ्यांनी बघितलं, त्यानं स्वतःच्या हातानं फिरवली.

"बॅटरी उतरली," तो म्हणाला.

मी त्याची कॉलर मागून धरली. आयुष्यात मी कुणाची कॉलर धरली नव्हती. "खाली उतरा, भुजंगराव. कोणती बॅटरी उतरली ते मला दाखवा."

तो निमूट उतरला. मी बॅटरीची पेटी उघडली. माझी लाल वायर बॅटरीवर नव्हती. ती काढून, टोकाला चिंधी गुंडाळून, बाजूला वळवून ठेवली होती. फ्यूज जागेवर नव्हता. हे सगळं मला अपेक्षित होतं.

पण वर केबिनमध्ये फ्रीज चालू होता.

मी चिंधी सोडून वायरीचं टोक हातात धरलं. दुसरी वायर कुठं जोडलीय का म्हणून सीटखाली हात घालून चाचपलं. काही नव्हतं. फक्त काळी वायर, सीटखालच्या लोखंडाला, मी कसली होती तशीच.

"चार आहे," सत्यशीलाबाई काट्याकडं बघत म्हणाल्या. माझ्या हातातली वायर त्यांना दिसली होती. "भाऊ, मला बाकी काही सांगू नका. चार आहे तोवर पलीकडं आणा. मी लेकरं गोळा करते." आणि त्या छत्री उघडून नाल्यात उतरल्या.

त्या लांब गेल्यावर भुजंग बोलला.

"म्याच काढली वायर. शाळंपाशी. दर खेपेला काढतो."

"लेकरं मारायला?"

"बंद व्हावा म्हनून. पर हितं आलं की बंदच व्हईना, मिस्त्री. वायर नसली तरी चालू ऱ्हातो. झाकन उगडून ठेवलं की मंग गप बसतो."

"म्हणजे झाकण उघडून लस तुम्ही तापवत होता."

इंजिन बंद होतं. वारा नव्हता. ट्रक जागच्या जागी उभा होता.

तप. तप तप.

बाटल्यांचा नव्हता तो आवाज. काचेवर उघडा तळहात मारल्यावर येतो तसा होता. आणि त्या फ्रीजला कुठंही काच नव्हती.

"उगडू द्या," भुजंग म्हणाला. "आत जीव गुदमरायलाय."

त्याचा हात कडीकडं गेला. मी तो हिसडून बाजूला केला. खरं सांगतो, त्या क्षणी फ्रीजमध्ये काय आहे याची भीती मला वाटली नाही. दोन पोरी गेल्या होत्या आणि आडतीस लेकरं पलीकडं वाट बघत होती. माझ्या अंगात रागाशिवाय दुसरं काही शिल्लक नव्हतं.

"ट्रक चालू करा," मी म्हणालो.

त्यानं चावी फिरवली. काहीच झालं नाही. हॉर्न वाजला नाही. मी वायरीचा तुकडा बॅटरीच्या दोन्ही टोकांना टेकवला, साधी ठिणगी पडली नाही. सकाळी भरलेली बॅटरी आता खरंच मेली होती.

मी पट्टे सोडले, काळी वायर काढली आणि दोन्ही वायरी मोकळ्या केल्या. "धरा एका बाजूनं."

"म्या न्हाई हात लावनार."

"भुजंगराव, धरा. नाहीतर मी तुम्हाला इथंच पुरीन."

त्यानं धरलं. त्याआधी, एवढ्या गडबडीतही, सवयीनं दोन्ही काचा वर केल्या आणि केबिनला कुलूप लावलं.

नाल्यात वाळू तापली होती. दोन वायरी मागं लोंबत, वाळूत रेघा ओढत येत होत्या. कशालाच न जोडलेल्या वायरी. फ्रीज घुमत होता, त्याचा पत्रा माझ्या मांडीला लागून थरथरत होता, आणि बाहेरून इतका गार होता की बोटं बधिर झाली. आतून तळहात वाजत होता. भुजंग तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता. मी ऐकलं नाही. मला ऐकायचं नव्हतं.

समाजमंदिरापुढं पत्र्याचा मांडव होता. भिंतीवर नामांतराची मागणी रंगवलेली, दहा वर्षांच्या उन्हापावसानं अर्धी पुसलेली. बाया लेकरं कडेवर घेऊन रांगेत बसल्या होत्या. सत्यशीलाबाईंनी झाकण उघडलं आणि काटा बघितला. चार. त्यांनी पहिली बाटली फोडली.

झाकण उघडल्यावर वाजणं थांबलं. घुमणं चालू राहिलं. आडतीस लेकरं टोचून होईपर्यंत काटा हलला नाही. शेवटच्या पोराला सुई लागली, तो रडला, आणि फ्रीज थांबला. मी पत्र्यावर हात ठेवला. तो उन्हातल्या कुठल्याही पत्र्यासारखा तापलेला होता.

सत्यशीलाबाई तापानं फणफणलेल्या एका पोराला बघायला वस्तीच्या पार टोकाच्या घरी गेल्या. बाया पांगल्या. मांडवात एक म्हातारी उरली. सगळा वेळ ती भुजंगकडं बघत होती. तो मांडवाबाहेर उन्हात उभा होता.

"तूच न्हवं का तो डायवर?" ती म्हणाली.

भुजंग आणखी एक पाऊल मागं सरकला.

"सावलीत ये. म्या सरजाबाई. तुला आठवत नसंल, मला हाय." मग माझ्याकडं वळून ती सांगायला लागली. आवाज अजिबात चढला नव्हता. "नामांतराच्या दंगलीत आमची घरं जाळली, बाबा. मपली नात व्हती, बायना, सा वर्साची. लय भाजली. जखमी न्यायला ह्यो सरकारी ट्रक आला. म्या तिला उचलून मधल्या शीटवर निजवली. ह्यो म्हनला, बॅटरी उतरली. दुसरी आनतो म्हनला. काचा वर केल्या, कुलूप घातलं आन् गावात गेला."

"काचा कशाला?" मी विचारलं.

"इच्यार की त्यालाच."

भुजंगचे ओठ हलले. "आतलं सामान जाईल म्हनून."

"आमी भायेरून काच वाजवायलो, ती आतून," सरजाबाई म्हणाली. "फोडाया गेलो तर गावाकडून दगड आले. ती गार पानी मागत व्हती. आदी रडून मागत व्हती. मंग नुसतं काचंवर हात मारत व्हती. दिस कलल्यावर ह्यो आला."

"गावातल्यांनी धमकावलं व्हतं," भुजंग म्हणाला. "त्या मानसांना नेलंस तर ट्रकसकट जाळू. बॅटरीला काय बी झालं नव्हतं. म्या भेलो, मिस्त्री."

"आणि दिवसभर गावात काय केलंत?"

तो मुठीतली चावी फिरवायला लागला.

"भुजंगराव, काय केलंत?"

"जेवलो. मंग जरा पडलो."

मी उठलो. माझ्या खिशात स्क्रू ड्रायव्हर होता, आणि माझा हात खिशात गेला होता. मला हे लपवायचं नाही. सरजाबाईनं माझ्या हाताकडं पाहिलं आणि मग भुजंगला विचारलं, "आज बी काचा लावूनच आलास का?"

भुजंगनं मुठीतली चावी वर करून बघितली.

"जा," ती म्हणाली. "खाली कर."

तो हलला नाही. मी त्याच्या मुठीतून चावी काढून घेतली आणि नाल्याकडं निघालो.

दीड वाजला होता. ट्रक उन्हात दोन तास बंद उभा होता. दाराची मूठ हाताला पोळली, मी शर्टाचं टोक धरून कुलूप उघडलं.

आतून गार हवा बाहेर आली.

मी फ्रीजचा मिस्त्री आहे. हवा किती गार आहे ते मला हातावर कळतं. चार अंश.

काचांना आतून दव धरलं होतं. मधल्या सीटचं रेक्झिन ओलं होतं, आणि मधोमध थोडं खचलेलं. फ्रीजच्या वजनानं खचलं असेल. फ्रीज चौकोनी होता. खड्डा चौकोनी नव्हता.

मी दोन्ही काचा खाली केल्या. आतून हात वाजला नाही. कसलाही आवाज आला नाही. मी तिथं उन्हात उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा कामावर असताना रडलो, तेही रागानंच.

मग चावी फिरवली. ट्रक पहिल्या झटक्यात सुरू झाला. मी तो नाल्यातून पलीकडं, थेट मांडवापर्यंत नेला. दहा वर्षांपूर्वी भुजंगला एवढंच करायचं होतं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

फ्रीज मी मागं, ब्लिचिंग पावडरच्या ड्रमांमध्ये टाकला. मला ट्रक परभणीपर्यंत चालवायचा परवाना नव्हता, म्हणून भुजंगलाच बसवावं लागलं. मी पुन्हा मागच्या फळीवर. सत्यशीलाबाई आल्या तेव्हा खूश होत्या, आडतीसपैकी आडतीस. त्या खिडकीशी बसल्या. मधली सीट रिकामी होती, पण कुणीच तिकडं पसरून बसलं नाही.

सरजाबाईनं जे सांगितलं त्यातलं एक अक्षर मी बाईंना सांगितलं नव्हतं. भुजंगचं तर तोंडच उघडत नव्हतं. वस्तीतून निघताना बाई आणि सरजाबाई भेटल्याही नव्हत्या. पुढं साहेबांना काय सांगायचं, भुजंगचं काय करायचं, हे मी मनात जुळवत होतो. आज इतक्या वर्षांनीही तो माणूस रस्त्यात दिसला की माझे दात आवळले जातात.

पाथरीच्या अलीकडं वावटळ उठली. मातीचा लोट रस्त्यावरून सरळ आमच्यावर आला आणि केबिनभर धूळ झाली.

"सिस्टर," भुजंग चाचरत म्हणाला, "तुमच्याकडची काच वर घ्या जरा. धूळ यायलीय."

सत्यशीलाबाईंनी पदर नाकाला लावला, पण काचेला हात लावला नाही. त्यांचा दुसरा हात मधल्या सीटवर होता. मागून मला तो नीट दिसत होता. सीटच्या वर वीतभर अंतरावर, हवेतच, तो हात हळूहळू थोपटत होता.

"राहू द्या उघडी," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "आत्ता कुठं झोपलीय."